मदत हवी आहे: स्टेबलफर्डच्या शीटमध्ये बर्डी आणि कॉन्डोर चुकीचे येताहेत

टीबॉक्स:
नमस्कार मंडळी. क्लबच्या मासिक स्टेबलफर्ड (प्रत्येक होलच्या स्कोअरवरून गुण देणाऱ्या) गोल्फ स्पर्धेचा निकाल एका जुन्या एक्सेल शीटवर लावायचा आहे. कोर्स १८ होलचा, पार (ठरलेले फटके) ७२. होलचा स्कोअर भरला की शेजारच्या रकान्यात पार, बर्डी, ईगल असं नाव आपोआप येतं. 'सर्वाधिक बर्डी' हे बक्षीसही त्याच रकान्यावरून ठरतं. तिथेच घोळ आहे.

पार ४, स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रमांक) ३. कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारी फटक्यांची सूट) १० असलेल्या खेळाडूने ४ मारले. शीट त्याला बर्डी देते. हँडिकॅप २२ वाल्याने इंडेक्स २ च्या पार ४ वर ५ मारले, त्यालाही बर्डी. हे बरोबर आहे का?

दोघांच्या नावापुढे चक्क 'कॉन्डोर' आलाय, तोही साध्या पार ४ वर. त्यांच्या कार्डावर त्या होलला आडवी रेघ आहे.

एकाने पार ३ वर होल इन वन केला, शीट 'ईगल' म्हणते. निकालपत्रकात काय लिहू?

एकाचा पार ५ वर टी शॉट पाण्यात गेला. एक पेनल्टी, ड्रॉप (चेंडू बाहेर टाकून पुढे खेळ), तिसरा फेअरवेवरून, चौथा चिप थेट होलमध्ये. पेनल्टी असताना बर्डी धरायची का?

शेवटचं, एका कार्डावर मार्करने (स्कोअर लिहिणाऱ्याने) ५ लिहिलेत, खेळाडूने न बघता सही करून कार्ड जमा केलंय. बरोबरचे सगळे सांगतात की ४ होते, म्हणजे बर्डी. निकाल उद्या लावायचा आहे.

स्लोप११३:
आधी कॉन्डोर काढून टाका. स्टेबलफर्डमध्ये गुण मिळण्याची शक्यता संपली की खेळाडू चेंडू उचलतो आणि कार्डावर रेघ मारतो. शीटमध्ये तो चौकोन रिकामा सोडला की एक्सेल त्याला शून्य धरतं. शून्य वजा पार ४ म्हणजे उणे ४, आणि उणे ४ चं नाव कॉन्डोर. नावापेक्षा गुणांचं नुकसान मोठं आहे. गुणांचं सूत्र साधारण '२ + पार + मिळालेले स्ट्रोक − मारलेले स्ट्रोक' असं असतं, म्हणजे रिकाम्या चौकोनाला ६ गुण जाऊन बसतात, स्ट्रोक मिळत असेल तर ७. त्या दोघांची बेरीज तपासाच, कदाचित पहिल्या तिघांत असतील. सूत्रात सुरुवातीलाच अट घाला: चौकोन रिकामा असेल तर गुण ०, नाव कोरं. रेघ टाइप करू नका, मजकुरावर वजाबाकी होत नाही आणि अख्ख्या ओळीची बेरीज बिघडते. हँडिकॅपच्या नोंदीसाठी अशा होलला सहसा नेट डबल बोगी (सूट धरून पारपेक्षा दोन जास्त) धरतात, म्हणजे पार + २ + मिळालेले स्ट्रोक. पार ४ वर एक स्ट्रोक मिळत असेल तर ७.

आता बर्डी. बर्डी म्हणजे त्या होलच्या पारपेक्षा प्रत्यक्षात एक फटका कमी. हँडिकॅपचा स्ट्रोक वजा करून जे येतं ती 'नेट बर्डी'. तुमच्या १० हँडिकॅपवाल्याला इंडेक्स १ ते १० च्या होलवर एकेक स्ट्रोक मिळतो, म्हणून त्याचे ४ हे ग्रॉस (सूट न धरता) पार, नेट बर्डी, गुण ३. हँडिकॅप २२ ला प्रत्येक होलवर एक आणि इंडेक्स १ ते ४ वर आणखी एक. त्याचे ५ म्हणजे ग्रॉस बोगी (पारपेक्षा एक जास्त), पण नेट ३, गुण पुन्हा ३. गुण दोघांचेही योग्य आहेत. 'सर्वाधिक बर्डी'त मात्र दोघांचीही बर्डी मोजायची नाही, नाहीतर जास्त हँडिकॅपवाल्यांकडे नेट बर्डींचा ढीग लागेल आणि सिंगल (एकअंकी) हँडिकॅपवाला खऱ्या बर्डी मारून मागे राहील. माझ्या मते हे बक्षीस ग्रॉसवरच द्यावं आणि तसं स्पर्धेच्या अटींत आधी छापावं.

म्हणून प्रत्येक होलला फरकाचे दोन रकाने ठेवा, ग्रॉस आणि नेट. गुण नेटवरून काढा, नाव ग्रॉसवरून.

आणि 'हँडिकॅप' या रकान्यात काय भरताय तेही बघा. बरेच जण हँडिकॅप इंडेक्सच (कोर्सनुसार न बदललेला खेळाडूचा मूळ आकडा) टाकतात. हँडिकॅप इंडेक्स १०.४, स्लोप (कोर्सच्या अवघडपणाचा आकडा, प्रमाण ११३) १२५, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ७०.८, पार ७२ असेल तर १०.४ × १२५ ÷ ११३ = ११.५, त्यात (७०.८ − ७२) म्हणजे −१.२ मिळवा, आले १०.३. वैयक्तिक स्टेबलफर्डसाठी ९५ टक्के घेतले की ९.८, म्हणजे १०. मधल्या पायरीवर पूर्णांक करू नका, शेवटी एकदाच करा.

हिरवळकर:
पार ३ वरचा १ हा आकड्याने ईगलच, पारपेक्षा दोन कमी. शीट चूक नाही. पण तो कोणी ईगल म्हणून जाहीर करत नाही. निकालात 'होल इन वन' लिहा आणि ईगलच्या मोजणीतही धरा. गुण नेहमीप्रमाणे: स्ट्रोक मिळत नसेल तर ४, मिळत असेल तर ५.

पार ४ वर एका फटक्यात किंवा पार ५ वर दोन फटक्यांत गेला तर तो अल्बट्रॉस, तीन कमी. अमेरिकन समालोचक त्यालाच डबल ईगल म्हणतात, तेव्हा शीटमध्ये एकच नाव ठेवा, नाहीतर दोन वेगळे प्रकार मोजले जातील. गोल्फमधला याहून सुंदर फटका मला माहीत नाही. १९३५ च्या मास्टर्समध्ये (ऑगस्टाच्या मोठ्या स्पर्धेत) जीन सॅराझेन क्रेग वुडच्या तीन फटके मागे होता आणि वुडचा राउंड संपलेला होता. ऑगस्टाच्या पंधराव्या होलवर, पार ५, सॅराझेनने २३५ यार्डांवरून 'चार नंबर वुड' या स्टिकने दुसरा फटका मारला तो थेट होलमध्ये. तीन बर्डींनी जे साधलं असतं ते एका होलवर साधलं. बरोबरी झाली आणि ३६ होलच्या प्लेऑफमध्ये तो जिंकला. २०१२ मध्ये लुई उस्थाइझेनने तिथल्याच दुसऱ्या होलवर २५३ यार्डांवरून चार नंबरच्या आयर्नने अल्बट्रॉस केला, पण प्लेऑफमध्ये बब्बा वॉटसनकडून हरला.

खऱ्या कॉन्डोरला पार ५ एका फटक्यात किंवा पार ६ दोन फटक्यांत हवा. शीटमध्ये −४ आलं की नावाऐवजी 'कार्ड तपासा' असा मजकूर येऊ द्या.

टीबॉक्स:
स्लोप११३, अगदी तेच निघालं. रेघवाल्यांपैकी एक जण शीटनुसार दुसरा येत होता. आभार! ग्रॉसचा रकाना वेगळा केलाय. पेनल्टी आणि मार्करच्या कार्डाचं कोणी सांगेल का? शिवाय महिला खेळाडूंच्या बर्डी खूपच कमी दिसताहेत.

सातवं_आयर्न:
पेनल्टी हा मोजणीतला एक फटका, बाकी काही नाही. टी शॉट १, पेनल्टी २, फेअरवे ३, चिप ४. पार ५ वर ४ म्हणजे पूर्ण हक्काची बर्डी. उलट बाजूही लक्षात ठेवा: पार ३ वर पहिला चेंडू ओबी (हद्दीबाहेर) गेला आणि टीवरून पुन्हा मारलेला थेट होलमध्ये पडला, तर तो तिसरा फटका. स्कोअर ३, पार. होल इन वन नाही.

मार्करच्या कार्डाबाबत नियम कडक आहे. होलवारी आकड्यांची जबाबदारी खेळाडूची, बेरीज आणि गुण कमिटीचे. सही करून दिलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम राहतो. कमी लिहून त्यातून जास्त गुण मिळत असतील तर खेळाडू बाद. तुमच्याकडे ५ लिहिलेत, तर ५ च धरा आणि बर्डी देऊ नका, साक्षीदार कितीही असोत. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विचेन्झोने सतराव्या होलवर ३ मारून बर्डी केली, मार्कर टॉमी एरनने ४ लिहिले, दे विचेन्झोने सही केली. ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने जिंकला, नाहीतर प्लेऑफ होता. सगळ्या प्रेक्षकांनी पाहिलेली बर्डीसुद्धा कागदावर नसल्याने गेली. त्या खेळाडूला समजावताना हे सांगा, वाईट वाटेल पण पटेल.

महिलांचं कारण बहुधा असं की शीटमध्ये पुरुषांचाच पार आहे. जागतिक हँडिकॅप पद्धतीच्या शिफारशीत पुरुषांसाठी पार ४ साधारण २४० ते ४९० यार्ड, महिलांसाठी २०० ते ४२०, आणि महिलांचा पार ५ ३७० ते ६०० यार्ड. म्हणजे ४४० यार्डांचं होल पुरुषांना पार ४ आणि महिलांना पार ५ असू शकतं. तिथे ४ हा एकाचा पार, दुसरीची बर्डी. महिलांच्या टीचा पार आणि स्ट्रोक इंडेक्स कार्डावर वेगळा छापलेला असतो, तो वेगळ्या ओळीत भरा आणि प्रत्येक खेळाडूपुढे कुठली ओळ लागू ते निवडायची सोय ठेवा.

टीबॉक्स:
दोन होल तसेच निघाले, दुरुस्त केले. अजून एक. कोणी दिवसभरात एकूण पारपेक्षा २ कमी खेळला तर निकालात 'ईगल राउंड' असं काही लिहितात का? आणि बर्डीत बरोबरी झाली तर?

हिरवळकर:
नाही. ही नावं एका होलपुरतीच. राउंडचा हिशेब नुसत्या आकड्यात: 'दोन अंडर'. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चार राउंडमध्ये ६७, ६६, ६८, ६८ अशी २६९ खेळली. पार ७१ च्या कोर्सवर ते पंधरा अंडर, चौथा क्रमांक. ते 'पंधरा अंडर' असंच सांगितलं जातं.

बरोबरीसाठी काउंटबॅक वापरा: शेवटच्या नऊ होलमधल्या ग्रॉस बर्डी, मग शेवटच्या सहा, मग तीन, मग अठरावं. शॉटगन स्टार्ट (सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू) असला तरी 'शेवटचे नऊ' म्हणजे कार्डावरचे १० ते १८ च. कोण कुठल्या होलवरून निघाला याच्याशी संबंध नाही. ही ओळही अटींत आधीच छापा, निकालानंतर ठरवली तर भांडण होतं.