‘९७ नंतर नुसता मिक्सर’ – रेडिओहेडवरच्या त्या पोस्टला उत्तर

बेसवाली:
परवा तळजाईकर यांनी फर्मान काढलं की रेडिओहेड हा इंग्लिश रॉक बँड १९९७ सालीच संपला, ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमनंतर नुसता ‘चटणीचा मिक्सर लावलाय आणि लोक कळल्याचा आव आणून त्यात राग शोधतायत’. तिथेच दोन ओळी लिहून उठणार होते, पण डोकं असं तडकलं की कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या. भाताची पेज झालीच आहे, तर आता सविस्तरच लिहिते.

बँड गाजला ‘क्रीप’वर. १९९२ साली गाणं आलं तेव्हा इंग्लंडात कुणी ढुंकून पाहिलं नाही. आधी इस्राएलच्या रेडिओवर चाललं, मग अमेरिकेत, आणि पुढच्या वर्षी परत काढल्यावर घरच्यांना कौतुक सुचलं. ‘पाब्लो हनी’ या पहिल्या अल्बममध्ये त्यापलीकडे फारसं काही नाही, हे मीही मानते. दुसरा कुणी असता तर त्या एका गाण्याच्या जिवावर आयुष्यभर जेवला असता. यांनी ते गाणंच पुढे अनेक वर्षं क्वचित वाजवलं. दुसरा अल्बम ‘द बेंड्स’ जॉन लेकी या निर्मात्याबरोबर रीतसर स्टुडिओत बसून केला, आणि तो जमल्यावर पुढच्या वेळी स्टुडिओच नको म्हणाले. ‘ओके कॉम्प्युटर’साठी निर्माता नायजेल गॉड्रिचला घेऊन इंग्लंडातल्या बाथजवळच्या जुन्या वाड्यात सामान नेऊन टाकलं. ‘एग्झिट म्युझिक’मधला गायक थॉम यॉर्कचा आवाज दगडी जिन्यात घेतलाय, ‘लेट डाऊन’ रात्री तीनला नाचाच्या दालनात.

आणि तळजाईकर, तुमच्या त्या लाडक्या अल्बममधलं पहिलंच गाणं, ‘एअरबॅग’. फिल सेल्वेचे ड्रम रेकॉर्ड करून, कॉम्प्युटरवर कापून, तुकडे जोडलेत त्यात. मिक्सर तेव्हाच लागला होता! कॉलिन ग्रीनवुडचा बेस तिथे मधेच वाजतो, मधेच गप्प. जागा नंतर भरू म्हणून सोडल्या आणि भरल्याच नाहीत. कॉलेजात ते गाणं बसवताना मी त्या सगळ्या जागा इमानदारीत भरल्या होत्या. आमच्या ड्रमरने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘बाई, गप्प राहणंसुद्धा वाजवायचं असतं.’

त्यानंतरचा अल्बम ‘किड ए’ मी २००१ मध्ये ऐकला, कर्वे रोडच्या हॉस्टेलवर, मैत्रिणीच्या भावाने कॉपी करून दिलेल्या सीडीवर. पहिल्याच गाण्यात आवाज तुटायला लागला. सीडी काढली, ओढणीने पुसली, परत लावली. परत तुटला. सायकल हाणत त्याच्याकडे गेले, म्हटलं तुझा रायटर गंडलाय. त्याने ओरिजिनल लावून दाखवली. अगं, असंच आहे ते. महिनाभर सीडी उशीखाली पडून होती. मग परीक्षेच्या आदल्या रात्री गॅलरीत बसून पूर्ण ऐकली आणि पेपरची वाट लावली. कळल्याचा आव आणायला तिथे बघायला कोण होतं हो?

तळजाईकर:
ताई, पेज झाल्याबद्दल सहानुभूती. मुद्द्याचं बोलू.

मी १९९५ला इंजिनिअरिंगला होतो. ‘द बेंड्स’ची कॅसेट आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून घेतली, टेपने खाल्ली की पेन्सिलीने गुंडाळत बसायचो. ‘फेक प्लास्टिक ट्रीज’ला गॅदरिंगमध्ये अख्खं ऑडिटोरियम गप्प बसलं होतं, शिट्ट्या मारायला आलेली मेकॅनिकलची पोरंसुद्धा. ते गाणं कळायला कुणाला वाड्याचा आणि जिन्याचा इतिहास सांगावा लागला नाही. तुमच्या ‘किड ए’चं कौतुक कुठे रेकॉर्ड केलं, कसं कापलं, इथूनच सुरू होतं. भाजी कशी झालीय विचारलं तर तुम्ही कढई कुठल्या कंपनीची ते सांगताय.

बँडमध्ये गिटारवाले तीन. त्यातला एड ओब्रायन ‘किड ए’च्या वेळी इंटरनेटवर डायरी लिहीत होता, ती वाचा. माणूस अगदी गोंधळलेला. आपण यात करायचं काय, हाच प्रश्न. स्वतःच्या बँडमध्ये बेकार झालेल्या माणसाची डायरी आहे ती, आणि तुम्ही त्याला प्रगती म्हणताय.

बेसवाली:
डायरीतला गोंधळ खरा आहे. पण तो बँड सोडून गेला का? पाच जण शाळेपासूनचे, आजही तेच पाच. आणि त्याच सेशन्समधून ‘ॲम्नेझियॅक’ हा पुढचा अल्बम पण निघाला. गिटार बाजूला ठेवून दोन अल्बम निघत असतील तर बेकारी वाईट नाही.

औंधकर:
दोघांचं वाचलं. मला एक सांगा, हे ऐकायचं कुठे? मागच्या वर्षी बाणेरला एका ठिकाणी त्यांच्या गाण्यांची ट्रिब्यूट नाइट होती. हळू गाणं सुरू झालं की मागच्या टेबलावर अप्रेझलची चर्चा. ‘गप्प बसा’ ओरडून झालं, तरी चालूच. मग साउंडवाल्याने वैतागून बेस इतका चढवला की ग्लास सरकत टेबलाच्या कडेला आला. वर पार्किंगचे शंभर. त्यापेक्षा घरी हेडफोन लावलेला बरा.

हिंजवडी_फेज_थ्री:
मी ‘लेट डाऊन’ रील्सवर ऐकलं, मग अल्बम शोधला. काका लोकांच्या भांडणात पडायचं नाही, पण माझा रेडिओहेड ‘इन रेनबोज’ या अल्बमपासून सुरू होतो आणि तिथे गिटार आहे की! त्यातून तो ‘जमेल तेवढे द्या’ म्हणून साइटवर ठेवला होता ना? आता कुठला बँड करेल असं?

तबलजी:
‘इन रेनबोज’चा विषय निघालाच आहे तर, पहिलं गाणं ‘१५ स्टेप’ पाच मात्रांचं आहे. हातावर टाळी धरून बघा, दोन-तीन, झपतालाचं अर्धं आवर्तन. माझ्या नऊ वर्षांच्या शिष्याने दुसऱ्या ओळीला सम पकडली, आणि इथे रॉकवाले ‘अवघड आहे’ म्हणून रडतात. तळजाईकर, तुम्हाला राग सापडला नाही, ताल तरी शोधा.

निवांत_नोकरदार:
जमेल तेवढे द्या, हो. १० ऑक्टोबर २००७. मी शून्य दिले. लाज वगैरे काही वाटली नाही. १६० केबीपीएसची एमपीथ्री होती, त्याला काय पैसे द्यायचे?

बेसवाली:
शून्य दिले आणि वर क्वालिटीची तक्रार!

निवांत_नोकरदार:
त्यांनीच विचारलं किती देता. उत्तर दिलं. पुढे सीडी आली तेव्हा इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला गेलीच. माझ्या शून्याने कुणाची चूल विझली नाही.

खिंडीतला:
ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा करार संपलेला, नाव आधीच जगभर झालेलं. म्हणून जमलं ते. हेच इथे करून बघा. २००९ साली आमच्या बँडने एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम केला. तिकीट नाही, दाराशी डालड्याचा जुना डबा ठेवला, वर चिठ्ठी, ‘जमेल तेवढे’. माणसं साधारण ऐंशी. रात्री डबा उपडा केला. ३४० रुपये, बसची दोन तिकिटं, एक शर्टाचं बटण. हॉलचं भाडं दोन हजार. उरलेल्या पैशांसाठी मी माझा ॲम्प विकला. परत घेतलेला नाही. पुणेकराला फुकट सवय आहे, नाटकाचासुद्धा पास लागतो त्याला.

सदाशिवराव:
पुणेकरांवर जायचं काम नाही. सवाईला तिकीट काढून, सतरंजी आणि डबा घेऊन, थंडीत बसणारे पुणेकरच असतात. तुमच्या डब्यात बटण पडलं याचं कारण तुमचं वाजवणं असू शकतं, हा विचार केला का?

खिंडीतला:
काका, तुम्ही आला होतात का ऐकायला? नाही ना? मग.

सदाशिवराव:
न येताच कळलं. चाळीस वर्षं सवाई ऐकतोय.

खिंडीतला:
म्हणजे चाळीस वर्षं एकाच मांडवात. तळजाईकरांचे भाऊ शोभता.

तळजाईकर:
मला कशाला ओढता मधे? मी माझी कॅसेट वर्गणी काढून घेतली होती, बटण देऊन नाही. तबलजी, पाच मात्रा मोजल्या, आभारी आहे. मोजता येतं म्हणून आवडलं पाहिजे असा नियम नाही. पाढेही मोजता येतात.

आणि ताई, दर वेळी नवं काही करण्याच्या तुमच्या थिअरीत ‘हेल टु द थीफ’ हा अल्बम कुठे बसतो? २००३. लॉस एंजेलिसला जाऊन बराचसा दोन आठवड्यांत उरकला, भरपूर गिटार, मला आवडायला पाहिजे होता. चौदा गाणी, त्यातली पाच कमी केली असती तर कुणाला कळलंही नसतं.

बेसवाली:
...पाच नाही, चार.

बरं, फुगलाय तो. घाईत केला आणि कात्री लावायची राहिली. हे मी तुमच्यासाठी मान्य करत नाहीये, आधीपासूनच माझं मत आहे. पण उलटही बघा. ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणं १९९५ साली स्टेजवर वाजवलं आणि स्टुडिओ अल्बमवर यायला २०१६ उजाडलं. एकवीस वर्षं. गिटारवरचं साधं, गोड गाणं होतं, तुमच्यासारख्यांना तेव्हाच हवं होतं. शेवटी आलं ते फक्त पियानोवर, जवळजवळ विझलेलं. मी ते पियानोवरचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा जाऊन चार महिने झाले होते, आणि तेच शब्द गॅदरिंगला मीच गिटारवर म्हटलेले. आता याला कढईची कंपनी म्हणा.

औंधकर:
हे बरोबर. (माझा साउंडवाला मात्र तेही घालवेल.)

तबलजी:
अवांतर: बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड २०१५ला जोधपूरला येऊन मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी कलाकार आणि शाय बेन त्सूर या इस्राएली संगीतकाराबरोबर रेकॉर्डिंग करून गेला. तिथेही गॉड्रिचच. तो ‘जुनून’ अल्बम ऐका. गिटारवाला मागे बसतो आणि ढोलक पुढे असतो. बघा तळजाईकर, बेकार गिटारवाल्याला राजस्थानात काम मिळालं!

तळजाईकर:
काल चांदणी चौकात पन्नास मिनिटं अडकलो होतो, तेव्हा ‘इन रेनबोज’ पूर्ण ऐकला. पुढे सरकायला जागा नव्हती म्हणून, नाहीतर बदलला असता. ‘रेकनर’ चालेल. ‘न्यूड’लाही काही म्हणत नाही. बाकी मत कायम. बाबांचं वाचलं, त्यावर वाद घालणार नाही.

आणि खिंडीतला, ॲम्प कुठला होता? माझ्याकडे एक पडून आहे, तीस वॅटचा, एक नॉब तुटलाय. घेऊन जा. पैसे जमेल तेवढे.

खिंडीतला:
बटण चालेल?

निवांत_नोकरदार:
भांडण मिटलं असेल तर एक विचारतो. ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळातली ती मिनीडिस्क रेकॉर्डिंगं फुटली होती ना, १८ तासांची, मग २०१९ला बँडनेच विकायला ठेवली होती ती. कुणाकडे आहेत का? लिंक टाका ना.

बेसवाली:
१८ पौंड.