एक्स्टर्नल हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय, आतल्या फाइली कशा काढायच्या?

निळीशाई:
१ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क (फिरणारी, एसएसडी नव्हे), एनटीएफएस, विंडोज ११. कालपासून जोडली की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची रचना) ‘रॉ’ म्हणजे न ओळखलेली दिसते. केबल आणि पोर्ट बदलून पाहिले, फरक नाही. टकटक आवाज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळ्या रंगात ‘सावधान’ दाखवतं, सी५ समोर शेवटी १८ आहे. आत फोटो आणि कामाच्या फाइली आहेत, दुसरी प्रत नाही. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू का?

तबकडी:
चेकडिस्क अजिबात नको. ते फाइली वाचवत नाही, फाइल सिस्टिम सुसंगत करतं, आणि त्यासाठी जुळत नसलेल्या नोंदी खुशाल कापून टाकतं. शिवाय ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं.

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). क्रिस्टलडिस्कइन्फो हा आकडा मुळात हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) दाखवतं, त्यामुळे तुमचे १८ म्हणजे प्रत्यक्षात २४. संख्या लहान आहे, पण बिघाड तबकडीवर आहे, केबलमध्ये नाही. डिस्क आत्ताच काढून ठेवा. विंडोजला जोडलेली राहिली की ते पुन्हापुन्हा तेच खराब भाग वाचत बसतं.

आधी संपूर्ण डिस्कची इमेज (एका फाइलीत जशीच्या तशी प्रत) घ्या, बाकी सगळं त्या इमेजवर. पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) सुरू करा आणि ग्नू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत घेणारं साधन वापरा. इमेज ठेवायला २ टीबीची डिस्क घ्या, कारण दुसरी १ टीबी फॉरमॅट केल्यावर इमेज तिच्यात मावत नाही. ती फॅट३२ नसावी, तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे आकार आणि मॉडेल बघून दोनदा ताडून पाहा. इथे अदलाबदल झाली तर सगळंच गेलं.

पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने. त्यात सहज वाचता येणारं सगळं आधी निघतं, अडलेल्या जागा नंतरसाठी राहतात. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून ‘डी’ आणि ‘आर३’ द्या. मॅप फाइलचं (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) नाव दोन्ही वेळा तेच हवं, तिच्याशिवाय मध्येच थांबलेलं काम पुढे चालू करता येत नाही. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर पावणेतीन तास, यूएसबी २ वर आठेक तास. मध्येच टकटक सुरू झाली तर लगेच बंद करा. मग तो डेटा रिकव्हरी लॅबचा विषय.

सेक्टरशोधक:
वरच्याला पूर्ण अनुमोदन. पुढचं: इमेजवर आधी टेस्टडिस्क, फोटोरेक शेवटी (दोन्ही फाइली परत मिळवायची साधनं). फोटोरेक फाइलींच्या सुरुवातीच्या ठराविक बाइट्सवरून त्या ओळखतं, म्हणून फाइल मिळते पण नाव आणि फोल्डर जातात. हजारो फोटो नावाशिवाय लावत बसणं फार जिवावर येतं.

एनटीएफएसमध्ये बूट सेक्टरची (पार्टिशनची मूळ माहिती असलेला पहिला सेक्टर) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. टेस्टडिस्कच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘बूट’वर जाऊन ‘बॅकअप बीएस’ निवडलं की तिथून मूळ जागी आणता येते. हे लिहिणं इमेजवरच होऊ द्या. फाइलींची यादी दिसली की ‘ए’ने सगळ्यांना खूण करा आणि मोठा ‘सी’ दाबा. लहान ‘सी’ने फक्त पट्टीखालची एकच फाइल जाते, इथे बरेच जण फसतात.

निळीशाई:
इमेज झाली, ९६ केबी वाचता आले नाहीत. फोल्डरही दिसतायत! पण कुठल्या फाइली खराब निघाल्या हे कसं कळणार?

सेक्टरशोधक:
उत्तम निघालं! फाइली बाहेर काढण्याआधी डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरा. मॅप फाइलच्या आधारे न वाचलेल्या जागी एखादा वेगळाच मजकूर भरता येतो. मग काढलेल्या फाइलींत तो मजकूर ग्रेपने (लिनक्समधली मजकूर शोधायची आज्ञा) शोधा. ज्यात सापडेल त्या खराब. एकाही फाइलीत सापडला नाही, तर ते सेक्टर बहुधा रिकाम्या जागेतले.

एसएसडीवाल्यांसाठी: तिथे डिलीट केलेल्या जागा ट्रिममुळे (नको असलेल्या जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) बहुतेकदा लगेच मोकळ्या होतात, सॉफ्टवेअरने काही हाती लागत नाही.

तबकडी:
आता बॅकअप, आणि तो आजच. जुनी डिस्क पुन्हा वापरात घेऊ नका.

क्लाउड सिंक हा बॅकअप नव्हे, इथे डिलीट केलं की तिथेही जातं. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी आज्ञेच्या ‘मिर’ पर्यायाचंही तेच, मूळ ठिकाणी नसलेलं तो बॅकअपमधूनही काढतो. जुन्या आवृत्त्या राखणारं साधन हवं. विंडोजची फाइल हिस्टरी मुळात दर तासाला प्रत घेते, पण ठराविक फोल्डरांचीच. कामाचं फोल्डर त्यांच्या बाहेर असेल तर आधी लायब्ररीत घाला. रेस्टिक हे बॅकअप सॉफ्टवेअर जास्त भरवशाचं आहे, मात्र पासवर्ड हरवला की बॅकअप उघडत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा.

दोन डिस्क आळीपाळीने वापरा, एक दुसऱ्या घरी. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, नाहीतर रॅन्समवेअर तिच्यावरही हात मारतं. महिन्यातून एकदा चार-पाच फाइली परत काढून उघडून बघा. रेस्टिकचा नुसता ‘चेक’ रचना तपासतो, प्रत्यक्ष डेटा वाचून बघायचा तर त्याला ‘रीड-डेटा’ जोडावं लागतं.