मदत हवी आहे: बॉल पायथनची अंडी, उबवणी पेटीतलं तापमान स्थिर राहत नाही

डॅलसला राहतो. बॉल पायथनची (पाळला जाणारा आफ्रिकी अजगर) सहा अंडी आहेत, दोन आठवडे होत आले. पेटी घरीच केली आहे: जाड भिंतींचा पिकनिक कूलर, तळाशी हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी), साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला टेप चालू-बंद करणारं यंत्र). आत झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्यात ओल्या व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरणारे हलके खनिज दाणे) अंडी. थर्मोस्टॅट ३१.५ अंश सेल्सिअसला, त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) डब्यातच अंड्यांशेजारी. तरी डब्यातला दुसरा थर्मामीटर कधी ३० तर कधी ३३.५ दाखवतो. झाकणावरून पाण्याचे थेंब अंड्यांवर पडतात. एक अंडं वरून किंचित दबलंय. डबा बदलू का?

प्रतिसाद

डबा बदलू नका. अंडं घातल्यावर दिवसा-दोन दिवसांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण नसेल तर आधी ती करा.

खरी गडबड प्रोबच्या जागेत आहे. बंद डबा उशिरा तापतो. प्रोब आत असल्यामुळे ३१.५ होईपर्यंत टेप चालूच राहते, तोवर डब्याबाहेरची, कूलरमधली हवा बरीच जास्त तापलेली असते, आणि टेप बंद झाल्यावरही ती उष्णता आत झिरपत राहते. निवताना उलटं. प्रोब डब्याबाहेर काढा, अंड्यांच्याच उंचीवर हवेत लटकवा; टेपला किंवा कूलरच्या भिंतीला टेकू देऊ नका. आतला थर्मामीटर फक्त वाचायला. बाहेर किती लावल्यावर आत ३१.५ राहतं ते बघून आकडा ठरवा.

थर्मोस्टॅटमधला फरकाचा आकडा (किती अंश उतरल्यावर टेप पुन्हा चालू व्हावी तो) बहुधा १ किंवा २ अंशांवर असेल, तो ०.३ करा. पाण्याच्या भरलेल्या चार-पाच बाटल्या पेटीत ठेवा, पण आधी ३१-३२ अंशांपर्यंत कोमट करून, नाहीतर पेटी तासन् तास थंड पडेल. पेटीच्या वरच्या आणि खालच्या भागात दोन अंशांचा फरक दिसला तर हवा फिरवायला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर फॅन लावा. डबा टेपवर थेट नको, खाली जाळी हवी.

प्रतिसाद

थर्मामीटर तरी खरा आहे का? प्रोब ३७ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात तापाच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी धरून पडताळा. स्वस्त प्रोब एखादा अंश सहज खोटं बोलतात. ३१ ते ३२ मध्ये अर्ध्या अंशाने काही बिघडत नाही, पण ३४ च्या वर बराच काळ गेला की वाकड्या कण्याची पिल्लं निघतात किंवा मरतात. थोडा वेळ २९ झालं तर फार तर पिल्लं उशिरा येतील. म्हणून चूक व्हायचीच तर थंडीकडे होऊ द्या.

थेंबांसाठी डबा एका बाजूने किंचित उचला, पाणी कडेला ओघळेल. दुसऱ्या आठवड्यातली खळी म्हणजे अंडं सुकतंय. (शेवटच्या दोन आठवड्यांत सगळीच थोडी बसतात, ते नेहमीचं.) व्हर्मिक्युलाइट मुठीत दाबा: गोळा झाला आणि पाणी गळलं नाही तर ओल बरोबर. भुगा झाला तर कडेकडेने कोमट पाणी सोडा, अंड्यावर नाही. अंधारात बाजूने टॉर्च लावून पाहा, लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत.

प्रश्नकर्ता

फरक २ अंशांवरच होता! प्रोब बाहेर काढलाय. तापमानावर नर-मादी ठरतात का?

प्रतिसाद

नाही, ते मगरी आणि बऱ्याचशा कासवांचं. सापांत गुणसूत्रांवर ठरतं.

एक राहिलं. ऑन-ऑफ थर्मोस्टॅटचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) चिकटला तर टेप चालूच राहते आणि सगळी अंडी एका रात्रीत शिजतात. दुसरा थर्मोस्टॅट ३३ वर लावून पहिल्याच्या आधी जोडा, म्हणजे तो वीज तोडेल. ५५-६० दिवसांच्या उबवणीत शेवटी पिल्लं स्वतः उष्णता सोडतात, डब्यातला आकडा चढतो. तेव्हा थर्मोस्टॅट अर्धा अंश खाली घ्या आणि हवा बदलायला झाकण आठवड्यातून दोनदा उघडा.

भारतातून वाचणाऱ्यांनी हे देशी सापांच्या अंड्यांवर करू नये. धामणीची अंडी सापडली तर वन विभागाला कळवा, ती घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.