'अतिवास्तववादी सचेतपटकार' बरोबर की 'स्वप्नवत ॲनिमेशन करणारा'?

रानजाई: आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकासाठी चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरवर टिपण लिहितेय. 'अतिवास्तववादी सचेतपटकार' (म्हणजे सररिअलिस्ट, तर्कापेक्षा स्वप्न आणि अबोध मनाला मानणाऱ्या कलाचळवळीतला ॲनिमेटर) लिहिलं, तर संपादक म्हणतात जड होतंय, 'स्वप्नवत ॲनिमेशन करणारा' करा. 'स्वप्नवत' अजिबात पटत नाही. 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग'मध्ये (१९८२) मातीची दोन डोकी समोरासमोर असतात. एकाच्या तोंडातून टूथब्रश येतो, दुसऱ्याच्या तोंडातून पेस्ट. मग पाव-लोणी, बूट-नाडी, पेन्सिल-शार्पनर. पुढे जोड्या चुकत जातात, आणि डोकी तडे जाऊन धापा टाकतात. हे स्वप्नवत?

अक्षरवेडा: 'स्वप्नवत' नकोच. पण 'अतिवास्तव'ही चूक. मूळ शब्द 'सररिअलिझम' फ्रेंच, त्यातला 'स्यूर' म्हणजे वरचा. मराठीत 'अति' म्हटलं की 'अति तिथे माती'. 'अधिवास्तव' म्हणा.

जुना वाचक: मग 'अतींद्रिय'चं काय करणार? तिथला 'अति' ओलांडण्याचाच आहे. समीक्षेत 'अतिवास्तववाद' कधीच रुळलाय, आता नवा शब्द पाडून कुणाचं भलं होणार?

टपोरी_चांदणं: मला 'वादी' महत्त्वाचं वाटतं. हल्ली ट्रॅफिकसुद्धा 'सरियल' असतो. हा माणूस १९७० पासून प्रागच्या सररिअलिस्ट गटात आहे. सत्तरच्या दशकात काही वर्षं त्याला सिनेमे करू दिले नाहीत, तेव्हा तो स्पर्शावर प्रयोग करत बसला. त्याच्यासाठी ही जगण्याची भूमिका आहे. 'स्वप्नवत'मध्ये ती पार पुसली जाते.

पेणकर: 'सचेतपट' मात्र ठेवाच! आमच्याकडे गणपतीच्या डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसती माती. आखणी करणारा हात वेगळा, त्याचा मान वेगळा. श्वांकमायर बाहुलीनाट्य शिकलेला. निर्जीवात जीव घालणं हाच त्याचा धंदा. हे 'ॲनिमेशन'मधून मराठी कानाला कळत नाही.

अक्षरवेडा: सचेत म्हणजे भान असलेला. त्याच्या सिनेमातल्या मांसाच्या तुकड्यांना कसलं भान? 'सजीवपट' म्हणा हवं तर.

जुना वाचक: भान नाही कसं? 'ॲलिस'मधला (१९८८) पेंढा भरलेला ससा पाहा. पोट फाटून भुसा सांडतो, तर तो सेफ्टी पिन लावतो आणि भुसा चमच्याने खातो. आपल्यातून काय गळतंय ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

टपोरी_चांदणं: पेंढा भरलेला आणि सांडतो भुसा?

जुना वाचक: 'पेंढा भरणे' हा वाक्प्रचार आहे, आत काहीही असो.

वऱ्हाडी: पेंढा धानाचा. आमच्याकडे तुरी-हरभऱ्याचं ते कुटार. सशातून सांडतो तो लाकडाचा भुसा, सुताराकडचा. त्याला कुटार म्हणू नका म्हणजे झालं.

रानजाई: पत्रक उद्या छापायला जातंय. 'अतिवास्तववादी' ठेवतेय. 'सचेतपटकार'वर अजून कुणी बोला.

पेणकर: कोकणात भाताचा तोही पेंढाच, वऱ्हाडी.