एक्स्प्रेसवेचा टोल जातो कुठे? एसटी-बेस्टला का देत नाहीत?

घाटातला_प्रवासी:
परवा पुण्याहून मुंबईला जाऊन आलो, जाताना फास्टॅगमधून ३२० गेले, येताना परत ३२०. रस्ता २००२ ला पूर्ण झाला, खर्च म्हणे १६३० कोटींच्या आसपास, तो कधीच फिटला असेल ना? मग अजून टोल कसला? आणि घ्यायचाच असेल तर त्यातून एसटीला, बेस्टला द्या की थोडे.

हिशोबी_माणूस:
फिटला हा आपला हिशोब रे, त्यांचा नाही. एमएसआरडीसीने, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने, २००४ ला वसुलीचं १५ वर्षांचं कंत्राट आयआरबी ह्या खासगी कंपनीला दिलं आणि ९१८ कोटी आधीच घेतले. ते संपल्यावर २०२० ला परत दहा वर्षांचं, ह्यावेळी ८२६२ कोटींचं, त्यातले ६५०० सुरुवातीलाच. ऊसतोडीत कशी आधी उचल घेतात आणि मग वर्षभर फेडत बसतात, तसंच, फक्त इथे उचल महामंडळाची आणि फेडणारे आपण 😄 दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ तीपण आधीच ठरलेली, २०२३ ला २७० चे ३२० झाले ते त्यातूनच. त्यामुळे बसला द्यायला त्या गल्ल्यात मोकळा पैसा असा नाहीच.

कुलाबा_डेपो:
बेस्टचं वेगळंच. मुंबईत ती बसही चालवते आणि वीजही पुरवते. पूर्वी बसचा तोटा बेस्टच्याच वीजग्राहकांच्या बिलात लावायचे, म्हणजे आमच्या घरातला पंखा बस चालवायचा. ते बंद झालं तेव्हापासून महापालिकेच्या अनुदानाकडे डोळे. त्यात २०१९ ला किमान तिकीट ५ रुपये केलं, गर्दी वाढली पण पैसा कुठून येणार, शेवटी मे २०२५ ला १० केलं. पुण्यात पीएमपी बसची तूट दोन पालिका भरतात, पुणे ६० टक्के आणि पिंपरी ४०. टोलचा कुठेच संबंध नाही.

लालपरी_फॅन:
एसटीला टोलमधून द्या म्हणताय, अहो एसटीच टोल भरते! एक्स्प्रेसवेला डिझेलच्या शिवनेरीला (एसटीची मुंबई-पुणे एसी बस) सूट नाही, इलेक्ट्रिक बसला तेवढी आहे. वर तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्याचे उरलेले अर्धे सरकार एसटीला देणार. ह्या खिशातून काढून त्या खिशात, मधे कंडक्टर.

घाटातला_प्रवासी:
म्हणजे गाडी घरी ठेवून शिवनेरीने गेलो तरी टोल भरणारच मी, तिकिटातून. डेक्कन क्वीनचं रिझर्व्हेशन बघतो.