त्रिकोण जोडण्यात आयुष्य वाया?

वस्तू स्कॅन करून तिचा पृष्ठभाग संगणकात छोट्या छोट्या त्रिकोणांनी जोडून उभा करतात. त्यावर कुणीतरी लिहिलंय, 'त्रिकोण जोडत बसण्यात प्राध्यापकाचं आयुष्य वाया.' अजिबात पटलं नाही. संगणकीय चित्रणाचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांचंच बघा. स्टॅनफर्डमध्ये १९९४ साली ग्रेग टर्कबरोबर मातीचा ससा स्कॅन केला, ६९,४५१ त्रिकोणांचा. पुढे १९९९मध्ये फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा: सुमारे २ अब्ज त्रिकोण!

गेल्या चवथीआधी गोव्यातल्या डिचोलीच्या एका चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतात तिथे, मी चिकणमातीच्या गणपतीचे मोबाइलवर दीडेकशे फोटो काढून संगणकावर तसंच त्रिकोणांचं मॉडेल केलं. सोंडेच्या आतल्या वळणाला कॅमेरा पोचला नाही, तिथे भोक पडलं. बुजवायला गेलो तर सोंड थेट पोटालाच चिकटली. सशाच्या तळाशीही अशीच भोकं आहेत. ती नीट कशी बुजवायची, यावर माणसांनी वर्षानुवर्षं घालवलीत. मला ती वर्षं फार मोलाची वाटतात.