दुकान मुलांनाच चालवू द्या
विशेष मुलांना शिकण्यासाठी शाळेत दुकान चालवायला द्यायचं म्हटलं, की शेवटी सगळं शिक्षकच करतात अशी तक्रार असते. ते बऱ्याच ठिकाणी खरंय, पण म्हणून कल्पनाच बाद करू नका प्लीज. बहुतेकदा कामाचे तुकडे पाडलेले नसतात म्हणून ही वेळ येते. ग्रीटिंग कार्ड पॅक करणं हे एक काम नाहीच, कार्ड उचलायचं, पाकिटात सरकवायचं, दोन्ही पिशवीत घालायचं, मग चिकटपट्टी लावायची, आणि ज्याला सगळं जमत नाही त्याला आधी शेवटची पायरी शिकवायची, म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा, मग हळूहळू एकेक पायरी मागे जायचं. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात.

पैशांचंही तसंच. हिशोब येत नाही म्हणून काउंटरवरून उठवू नका, कॅल्क्युलेटर द्या, नोटांच्या फोटोंचा तक्ता लावा. कच्चा माल आणायला गेल्यावर किंमत 37 असेल तर दहाच्या चार नोटा पुढे करायच्या, एवढं शिकलं तरी खरेदी जमते, सुटे मोजत बसावं लागत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अनोळखी गिऱ्हाईक! "हा दुसऱ्या रंगात आहे का?" असं कोणी विचारलं की न बोलणारं मूलसुद्धा चित्रांच्या कार्डावर बोट ठेवून 'नाही' सांगू शकतं, फक्त आपण मधे पडायच्या आधी पाचेक सेकंद थांबायला हवं, आणि तेच आपल्याला जमत नाही. वर्गातल्या रोल प्लेमध्ये हे येत नाही, कारण तिथे समोरचा माणूस ओळखीचा असतो.

आणि हो, नफ्यातून पुढे काय आणायचं हेही मुलांनाच विचारा, वस्तू समोर ठेवून विचारलं तर बरीच मुलं छान निवडतात.